पहिल्या चहाचा विस्तव

खाणीचा भोंगा वाजला आणि प्रगतीचा स्पॅनिशचा पहिला धडा अर्ध्यावर थांबला.

नोव्हेंबर सरत आला होता. तेलंगणातल्या वांकिडीत सकाळच्या वेळी बऱ्यापैकी नेटवर्क मिळायचं ते गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. तिथं ती शाल गुंडाळून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, कानात इअरफोन. स्क्रीनवर एक तरुण. मागं पांढरा पडदा, डोळ्यांना चष्मा, केस नुकतेच पाणी लावून बसवलेले. साइटवर त्याचं नाव राघव, गाव हैदराबाद. तो अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलत होता. त्यावरून हा दिल्लीकडचा असणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"मे यामो राघव," तो म्हणाला. "अब आप अपना नाम बताइए."

"मे यामो..."

तेवढ्यात त्याच्या मागून कुठून तरी भोंगा सुरू झाला. खालच्या सुरात उठला, चढत गेला, बराच वेळ वर टिकला आणि शेवटी म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा तुटत तुटत बसला. त्यापाठोपाठ एका कुत्र्यानं सूर लावला.

"पहिली शिफ्ट," प्रगतीच्या तोंडून निघून गेलं. मराठीत.

त्याचा हात माईक बंद करायला निघाला होता. तो तसाच अधांतरी राहिला.

"काय म्हणालात?"

तेही मराठीत.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनी एकदमच विचारलं —

"तुमी मराठी?"

"तुमी बेल्लमपल्लीत?"

आधी हसला तो. "भोंगे तर खाणी आहेत तिथं सगळीकडं वाजतात. बेल्लमपल्लीचा आहे हे कसं ओळखलं?"

"शेवटी खोकतो ना तो. आमच्या क्वार्टरांच्या लाईनीतली माणसं म्हणायची, कोळसा खाऊन खाऊन भोंग्यालाही दमा लागला."

"आणि मी तुमाले तेलुगू समजून हिंदीत बोलून राह्यलो! प्रोफाइलवर हैदराबाद काऊन लिहिलं?"

"वांकिडी लिहिलं असतं तर तुमी नकाशा उघडला असता. आणि तुमी काय लिहिलंय? तुमचं बेल्लमपल्ली कुठं गेलं?"

ह्या भागातल्या मराठी माणसाची ही जुनीच खोड. अनोळखी कुणी भेटलं की आधी हिंदी, नाही जमलं तर तेलुगू. बाजारात दोन माणसं टोपलीभर वांग्यांचा भाव हिंदीत करत बसतात आणि जाताना एकानं बायकोला हाक मारली, की दोघंही उघडे पडतात. आता कागदावर वांकिडी एका जिल्ह्यात आहे आणि बेल्लमपल्ली दुसऱ्या. पण कुठले म्हणून विचारलं, तर दोन्हीकडची माणसं अजून "आदिलाबाद जिल्हा" असंच सांगतात.

त्या दिवशी स्पॅनिश फारसं झालं नाही. त्याचं खरं नाव राघवेंद्र. वडील सुधाकरराव कोळसा कंपनीच्या ऑफिसात क्लार्क. तो हैदराबादला स्पॅनिश शिकला, तिथंच शिकवायला लागला आणि वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर घरी परतला. क्लास ऑनलाइन असल्यामुळं विद्यार्थ्यांना काही फरक पडला नाही. प्रगती मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. हैदराबादच्या एका कंपनीला स्पॅनिश बोलणारी माणसं हवी होती, मेक्सिकोतल्या ग्राहकांशी बोलायला. मार्चमध्ये मुलाखती होत्या.

"लहानपणी मी बेल्लमपल्लीतच होते," ती शेवटी म्हणाली. "बाबा खाणीत होते. कमरेला मार लागला, नोकरी सुटली, आणि आम्ही इकडं आलो."

दुसऱ्या दिवशी भोंग्याची वेळ झाली तेव्हा राघवेंद्रनं माईक बंद केला नाही. उलट मागची खिडकी उघडली आणि भोंगा संपेपर्यंत गप्प बसला. पुढं रोजच तसं होऊ लागलं. त्यानं कधी काही म्हटलं नाही, तिनं कधी आभार मानले नाहीत. पण भोंग्याच्या आधी आपण वेणी नीट करून बसतो, हे प्रगतीच्या काही दिवसांनी लक्षात आलं.

त्याच्या शिकवण्याची एक पद्धत होती. क्लासमध्ये फक्त स्पॅनिश. शब्द अडला तर हातवारे करायचे, चित्र काढायचं, पण दुसरी भाषा काढायची नाही. शेवटची दहा मिनिटं मात्र भूमिका उलटायच्या. तेव्हा विद्यार्थी मास्तर. त्यानं हवं ते शिकवायचं आणि राघवेंद्रनं शिकायचं.

"कुणी गिटार शिकवतं, कुणी योगासनं," तो म्हणाला. "तुमी काय शिकवाल?"

तिनं त्याला पळसाच्या पानांचा द्रोण शिकवला. तो बेल्लमपल्लीच्या कडेला जाऊन पानं घेऊन आला. काडीनं टाचताना दोनदा बोट टोचून घेतलं आणि तयार झालेला द्रोण मोठ्या ऐटीत कॅमेऱ्यासमोर धरून त्यात पाणी ओतलं. पाणी सरळ कीबोर्डवर.

"मुय बिएन," प्रगती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "फार छान. एवढ्यात लॅपटॉपची तहान भागली."

"मास्तरीण चांगली नसली की असं होतं."

"हात विद्यार्थ्याचे आहेत... आणि विद्यार्थ्याचं लक्ष द्रोणाकडं नव्हतं."

"मग कुठं होतं?"

शेजारच्यांचा कोंबडा नेमका त्याच वेळी आरवला.

"किएन एस?" त्यानं भुवया उंचावत विचारलं. कोण आहे?

"मी वेसीनो," ती म्हणाली. माझा शेजारी. "फार चौकस आहे."

जिन्याखालून तिच्या आईचा, रुक्माबाईचा आवाज आला, "फोनातल्या त्या पोट्ट्यासंगं कोन्त्या भाषेत हासून राह्यली व?"

"स्पॅनिश आहे आई!"

"बोलनं असन स्पॅनिश. हासनं तर मराठीतच हाय."

स्क्रीनवर राघवेंद्रनं तोंडावर हात ठेवला होता. त्याचे खांदे हलत होते.

मास्तर बेल्लमपल्लीचा आहे हे कळल्यापासून रुक्माबाईला रोज तिथला आपला जुना क्वार्टर आठवू लागला. भाकरी थापता थापता ती त्याच त्या गोष्टी सांगायची. दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात खुशालनं, म्हणजे प्रगतीच्या बापानं, लावलेलं सीताफळ. आणि गोष्ट दरवेळी एकाच ठिकाणी येऊन थांबायची.

"लाईनीची रीत होती, पोरी. कोळशाची शेगडी पेटाले येळ लागते. म्हनून जानाऱ्यानं शेगडी भरून, पेटवून जायाचं. येनाऱ्यानं त्याच इस्तवावर पयला चहा ठेवायचा. आपल्या आंधी जे होते त्यायनं आपल्यासाठी ठेवली होती, आन् मी त्या बाईसाठी ठेवून आलती. चांगले लाल निखारे होते. तिचा पयला चहा माया इस्तवावर झाला असन."

प्रगती दरवेळी "हो आई" म्हणायची आणि दुसरं काही तरी काढायची.

जानेवारीत 'माझं लहानपणीचं घर' हा धडा आला. प्रगती आता वाक्यं जुळवू लागली होती. छोटी छोटी, पण सरळ. दोन खोल्या, ती म्हणाली. दारापुढं तीन पायऱ्या, मधली फुटलेली. अंगणात सीताफळाचं झाड, एक फांदी भिंतीवरून पलीकडं गेलेली. त्या फांदीची फळं शेजारी खायचे आणि बिया आमच्याकडं टाकायचे. न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती, तिथं बाबांनी खाणीतल्या बुटाची नाडी बांधली होती.

राघवेंद्र पेन्सिल हातात धरून ऐकत होता. बुटाच्या नाडीपाशी त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"चूक झाली?" तिनं विचारलं.

"नाही. एकही चूक नाही." त्याचा आवाज वेगळा येत होता. "उद्या... उद्या मी जरा बाहेर बसून क्लास घेतो."

दुसऱ्या दिवशी त्याच्या मागं पांढरा पडदा नव्हता. धुकं होतं, ओलसर भिंत होती, आणि भिंतीवर रेललेलं एक झाड. पानं बरीच गळलेली, एक फांदी भिंतीवरून पलीकडं गेलेली.

प्रगतीनं तोंडावर शाल दाबली.

"कंपनीनं तुमच्यानंतर हा क्वार्टर आम्हाला दिला," तो म्हणाला. स्पॅनिशचा नियम त्यानंच मोडला होता. "कडी आम्ही नंतर बसवली. पण नाडीचा खिळा अजून आहे. बघायचाय?"

"बघू... सगळंच बघू!"

तो मोबाइल घेऊन उठला. मधली पायरी अजून फुटकीच होती. शेजारची माणसं बदलली होती, फांदी नाही. ती हसत होती, डोळे पुसत होती, "थांब ना, पुन्हा दाखव" म्हणत होती. आपण त्याला "थांब" म्हटलं हे तिच्या ध्यानात आलं नाही; त्याच्या आलं.

"एक सांगू?" तो गेटपाशी थांबून म्हणाला. "आम्ही आलो त्या दिवशी मी इथंच उभा होतो, फुटबॉल घेऊन. समोरून एक पोरगी पळत आली. हातात उड्या मारायची दोरी. माझ्यासमोर थांबली, भलीमोठी जीभ काढून दाखवली आणि पळून गेली. मला आजवर कळलं नाही, मी तिचं काय वाईट केलं होतं."

प्रगतीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातलं काही तरी निघून गेलं.

"ती तूच ना?" तो आत शिरत म्हणाला. "बघ, आणि हे स्वयंपाकघर. आई, ही माझी विद्यार्थिनी."

गॅसपाशी उभी असलेली बाई वळली. केस पांढरे झाले होते, पण चेहरा तोच. तिच्या मागं, कोपऱ्यात, भिंतीवर काळा डाग होता. शेगडीच्या धुराचा. कितीही चुना मारला तरी तो डाग खालून पुन्हा वर येतो.

"कशी आहेस बाळा?" राघवेंद्रच्या आईनं, कुमुदिनीकाकूंनी विचारलं.

"बरी आहे," प्रगती म्हणाली. "इथं नेटवर्क... जातंय."

आणि तिनं लॅपटॉप मिटला.

क्वार्टर सोडला त्या दिवशी सामानाचा टेम्पो लाईनीच्या टोकाला बंद पडला होता. बाबा आणि इतर माणसं धक्का मारत होती. सीताफळाच्या फांदीला दोरी राहिली म्हणून लहानगी प्रगती पळत मागं गेली. अंगणातून तिला स्वयंपाकघराची खिडकी दिसली. आत नवी बाई उभी होती. तिच्या हातात घडा होता, आणि ती आईच्या पेटत्या शेगडीवर पाणी ओतत होती. फस्सकन वाफ उठली, खिडकीबाहेर आली. काऊन, हे दहा वर्षांच्या मुलीलाही कोणी सांगावं लागलं नाही. आपल्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. ह्या माणसांनी सामानातून पहिल्यांदा काढलं ते देवघर. शाळेतल्या नळावर तिला एवढं कळून चुकलं होतं.

ती टेम्पोत येऊन आईला बिलगली आणि डोळे मिटून घेतले. टेम्पो सुरू झाला तेव्हा आई म्हणत होती, "आता त्या बाईनं चहा ठेवला असन."

तेव्हापासून ही गोष्ट तिनं एकटीनं सांभाळली होती. आईची शेगडी तिनं विझू दिली नव्हती. आता राघवेंद्र घरी आला, बोलणी झाली, दोन बाया समोरासमोर बसल्या, तर आई पहिला प्रश्न कोणता विचारेल हे तिला ठाऊक होतं. राघवेंद्र हवा असेल, तर आईची ती एक गोष्ट द्यावी लागणार होती.

तिनं क्लास बंद केले. त्याचा निरोप आला, सगळं ठीक? तिनं उत्तर दिलं नाही. ऑफिसात सातबारासारखे पहाणीचे उतारे काढताना तिनं एकाचं नाव दुसऱ्याला लावलं आणि म्हाताऱ्या शेतकऱ्याची बोलणी खाल्ली. सकाळी जाग मात्र भोंग्याच्या वेळेला यायची. पायरीवर जाऊन ती लॅपटॉप उघडायची. क्लासच्या पानावर त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसायचा. तिनं वेळ घेतलेली नसायची, तरी तो तिथं असायचा.

आठवडाभरानं एका सकाळी तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

तो तसाच बसला होता. खिडकी उघडी. भोंगा उठला, चढला, टिकला, खोकला. कुत्रं रडलं. मग शांत झालं.

"बुएनोस दियास," तो म्हणाला. शुभ सकाळ.

तिनं स्पॅनिशमध्येच सांगायला घेतलं. मराठीत सांगितलं असतं तर रडू आलं असतं. स्पॅनिशमध्ये तिच्याजवळ रडण्याइतके शब्दच नव्हते. आमची शेगडी. पेटलेली. तुमच्यासाठी. एक बाई, पाणी. आणि शेवटी — "मी माद्रे नो साबे." माझ्या आईला माहीत नाही.

चष्मा काढून त्यानं टेबलावर ठेवला.

"म्हणून जीभ," तो म्हणाला.

"म्हणून."

"मी आईला विचारणार आहे."

"नको. कशाला? इतक्या वर्षांनी..."

"प्रगती, मला तुझ्या घरी यायचंय. हे मधे ठेवून मी येणार नाही."

ती शालीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "कुठं यायचंय म्हणालात?"

"क्लास चालू आहे. मराठीत सांगितलं तर चालेल?"

"नियम तुमचेच आहेत, मास्तर."

"मग परीक्षेपर्यंत, तुझ्या मुलाखतीपर्यंत थांब," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघंही हसले, थोडंसंच.

दोन दिवसांनी त्यानं सांगितलं, मी आईशी बोललो. ती काय म्हणाली, हे प्रगतीनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. "ती म्हणाली, त्यांना घेऊन ये."

बाबा रिटायर होताहेत, असंही त्यानं सांगितलं. मार्चअखेरीला क्वार्टर सोडायचा. ती पूर्ण लाईनच पाडणार आहेत. खाली कोळसा आहे म्हणे. आम्ही हैदराबादला भाड्याचं घर घेतलंय. जाण्याआधी या.

प्रगतीला वाटलं होतं, आईला टाळता येईल. पण रुक्माबाईनं जिन्याखालून लेकीचं बोलणं ऐकून सगळं जुळवलं होतं. आपला जुना क्वार्टर, त्यातला पोट्टा, पाडणार असलेली लाईन. नेसायची साडी तिनं त्याच संध्याकाळी उशाखाली घडी करून ठेवली.

मुलाखत झाली. प्रगतीची निवड झाली. त्याच आठवड्यातल्या रविवारी तिघं निघाले. आसिफाबादला बस बदलली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटल्यासारखा फुलला होता. खुशाल खिडकीशी बसून प्रत्येक वळणाची ओळख सांगत होता. रुक्माबाई मात्र समोरचा रस्ता बघत होती. प्रगतीनं तिचा हात धरून ठेवला होता.

राघवेंद्र लाईनीच्या तोंडाशी येऊन उभा होता. स्क्रीनवर नेहमी खांद्यापर्यंतच दिसणारा माणूस पूर्ण उभा पाहून तिला एकदम कसंसंच झालं. त्यालाही हात कुठं ठेवावेत ते सुचेना.

"ओला," त्यानं स्पॅनिशमध्ये नमस्कार केला.

"स्क्रीनवर उंच दिसत होतात."

"स्क्रीनवर तुझी बडबडही जास्त होती."

"मास्तर हाय ना हा?" खुशालनं विचारलं. "जयभीम, मास्तर."

"जयभीम, काका," राघवेंद्र म्हणाला आणि खुशालच्या हातातली पिशवी घेतली. "मधली पायरी सांभाळा. फुटकी आहे."

"मले सांगतं का बाबू? मायाच हातून फुटली ते!"

सुधाकररावांनी पुढं होऊन खुशालला खुर्ची दिली. घरात सगळीकडं बांधाबांध झालेली होती. फक्त स्वयंपाकघर मोकळं होतं. तिथं, काळ्या डागाखाली, कोळशाची शेगडी ठेवलेली होती. गॅस कधीच आला होता. ही कुणाकडून तरी मागून आणलेली. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं कुमुदिनीकाकू तिला वारा घालत होत्या. डोळे धुरानं लाल झाले होते. निखारे नुकते धरू लागले होते.

रुक्माबाई दारात थांबली. शेगडीकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं.

"बाई," रुक्माबाई म्हणाली, "मी तुमच्यासाठी इथंच ठेवून गेलती. तुमचा पयला चहा कसा झालता?"

काकूंचा हात थांबला. खोटं सांगणं फार सोपं होतं. चांगला झाला म्हटलं असतं, तर सगळे चहा घेऊन उठले असते. प्रगतीच्या मनात क्षणभर तेच आलं — म्हणा, चांगला झाला म्हणा!

"झाला नाई, ताई," काकू म्हणाल्या. "मी पानी ओतलं. सासूबाई संगं होत्या. त्या म्हणाल्या, त्यांच्या विस्तवावर आपला चहा नको. मी काऊन म्हणून विचारलं नाई. बोलल्या त्या, पण घडा माया हातात होता."

बाहेरच्या खोलीत खुशालची खुर्ची करकरली.

"मले मालूम हाय," रुक्माबाई म्हणाली.

प्रगतीनं वळून आईकडं पाहिलं.

"टेम्पो ढकलून राह्यलते तवा मी मांगंच पाहून राह्यलती. खिडकीतून वाफ आली. चहाची वाफ येवढी नसते, बाई."

"आई... मग तू रोज ते..."

"तू दोरी घेऊन आली आन् डोळे मिटून मले बिलगली. म्हटलं, पोरीनं पायलं नसन. नसन पायलं, तर कशाले मालूम व्हावं? म्हनून म्हनत राह्यली, तिचा चहा झाला असन, झाला असन." तिनं पदरानं नाक पुसलं. "तू बी 'हो आई' म्हनत राह्यली. मंग मले वाटलं, खरंच नाई पायलं."

प्रगती आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. इतकी वर्षं दोघी एकमेकींसाठी तीच शेगडी पेटती ठेवत होत्या.

काकू उठल्या. "ताई, आमच्यानंतर ह्या घरात कोणी येणार नाई. लाईनच राहणार नाई. तरी मी सकाळपासून हे पेटवून राह्यली. मले हे पेटवाले जमत बी नाई." त्यांनी कोपऱ्यातली सांडशी उचलली आणि प्रगतीपुढं धरली. "जानाऱ्यानं येनाऱ्यासाठी ठेवायचं, अशी रीत आहे म्हणून राघवनं सांगितलं. घरात कोणी येवो न येवो... आमच्यात कोणी येत असेल, तर पयला चहा तिनं ठेवावा."

प्रगतीनं सांडशी घेतली नाही. आधी आईकडं पाहिलं.

रुक्माबाईनं निखाऱ्यांकडं वाकून पाहिलं. पुठ्ठा उचलला, शेगडीच्या तोंडाशी दोन सपकारे मारले. निखारे लाल झाले.

"खालून वारा द्याचा असते, बाई. वरून नाई," ती काकूंना म्हणाली. मग लेकीकडं वळली. "ठेव. दूध जास्त टाक, तुया बापाले काळा चहा चालत नाई."

चहा धुरकट झाला. सगळ्यांनी चांगला झाला म्हटलं. खुशाल आणि सुधाकरराव कपबशा घेऊन सीताफळाखाली जाऊन बसले आणि जुन्या साहेबांची नावं काढू लागले. दोघी बाया शेगडीपाशीच बसून राहिल्या. फार बोलत नव्हत्या, पण उठतही नव्हत्या.

फुटक्या पायरीवर राघवेंद्र आणि प्रगती बसले होते. मधे एका कपाचं अंतर.

"परीक्षा तर झाली," ती समोर बघत म्हणाली. "पास पण झाले."

"माहीत आहे."

"मग? काही तरी सांगायचं राहिलं होतं तुमचं..."

राघवेंद्रनं दोन्ही आयांच्या दिशेनं एकदा पाहिलं, आणि हळू आवाजात स्पॅनिशमध्ये सांगितलं. दोनच शब्द होते. पहिल्या महिन्याच्या धड्यात ते नसतात, पण प्रगतीनं ते केव्हाच शोधून ठेवले होते.

तिनं त्याच्याकडं वळून पाहिलं. मग, सोळा वर्षांपूर्वी ह्याच गेटपाशी काढली होती तशी, भलीमोठी जीभ काढून दाखवली.

"काय म्हनते व तो?" आतून रुक्माबाईनं विचारलं.

"काही नाही, आई," प्रगती म्हणाली. "धडा चालू आहे."